चालता तारा आणि पृथ्वीची सावली

दसरा उलटून कार्तिक लागला म्हणजे मालवण किनाऱ्यावरील आकाश धुऊन काढल्यासारखे स्वच्छ होते. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत ढगांआड गेलेले तारे पुन्हा दिसू लागतात, भातकापणीची लगबग ओसरते, आणि दिवेलागणीनंतर खळ्यात किंवा वाळूवर बसलेल्या मुलांची दृष्टी सहजच वर जाते. अशा दिवसांत एखादा विद्यार्थी सकाळी शाळेत येऊन सांगतो, "गुरुजी, काल एक तारो चलत होतो!"

ह्या वाक्यास शाळेत बहुधा तीन उत्तरे मिळतात. ते विमान असेल, तो तारा तुटला असेल, किंवा तुला भास झाला असेल. तिन्ही उत्तरांत एक समान दोष आहे. त्यांनी प्रश्न तेथेच संपतो, आणि ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिले त्याला आपले पाहणे व्यर्थ होते असे वाटू लागते. वस्तुतः त्या मुलाने पाहिलेला ठिपका न लुकलुकता संथपणे सरकत गेला असेल व काही मिनिटांनी मध्येच नाहीसा झाला असेल, तर तो कृत्रिम उपग्रह होता असे समजण्यास हरकत नाही. शिक्षकाने त्यास पुढील प्रश्न विचारावयाचा तो असा : "तो नाहीसा नेमका कोठे झाला?" ह्या एका प्रश्नात भूगोलाचा, गणिताचा आणि निरीक्षणाचा असा पाठ दडलेला आहे की जो वर्गातील चेंडू व मेणबत्ती घेऊन तितका पटविता येत नाही.

प्रथम हे स्पष्ट करावे की उपग्रहावर आपल्याला दिसेल असा कोणताही दिवा नसतो. तो चंद्राप्रमाणेच सूर्याच्या उसन्या प्रकाशाने चमकतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने सोडलेला पहिला उपग्रह स्पुटनिक हा केवळ ५८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा होता. एवढी लहान वस्तू शेकडो किलोमीटरवरून नुसत्या डोळ्यांना दिसणे फारच कठीण. त्या काळी जगभर लोकांनी जो स्पुटनिक म्हणून पाहिला, तो बहुतांशी त्याच्या मागोमाग फिरणारा अग्निबाणाचा मोठा सांगाडा होता. याच्या उलट अमेरिकेने १२ ऑगस्ट १९६० रोजी सोडलेला एको हा उपग्रह म्हणजे चकचकीत मुलामा दिलेला सुमारे ३० मीटर व्यासाचा प्रचंड फुगा होता. मे १९६८ मध्ये तो वातावरणात जळून गेला. तोपर्यंत तो पृथ्वीच्या बऱ्याच भागांतून तेजस्वी ताऱ्यासारखा दिसे. ज्यांचे बालपण त्या वर्षांत गेले अशा गावातील एखाद्या आजोबांना वा आजींना असा चालता तारा आठवत असणे अगदी शक्य आहे. मुलांनी घरी जाऊन विचारून यावे.

आज नुसत्या डोळ्यांनी पाहण्यास सर्वांत सोपे म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक होय. त्याचा पहिला भाग २० नोव्हेंबर १९९८ रोजी सोडण्यात आला, आणि नोव्हेंबर २००० पासून त्यात माणसांची वस्ती अखंड आहे. ते सुमारे १०९ मीटर रुंद असून पृथ्वीपासून साधारणपणे ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवरून फिरते. अनुकूल वेळी त्याचे तेज शुक्राच्या चांदणीची बरोबरी करते. जून व जुलै २०२५ मध्ये भारतीय वायुसेनेतील शुभांशु शुक्ला हे ह्याच स्थानकात राहून आले, हे मुलांना सांगितले म्हणजे आकाशातील तो ठिपका त्यांच्या दृष्टीने एकदम घरासारखा होतो. चीनचे तिएनगाँग हे स्थानकही तेजस्वी दिसते. ह्यांखेरीज जुन्या अग्निबाणांचे सांगाडे व इतर उपग्रह एखाद्या मध्यम ताऱ्याएवढे फिकट दिसतात. अंधाऱ्या जागी तासभर आकाश पाहिल्यास असे काही आढळतातच.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. कोकणातील प्रत्येक मुलाने एक दृश्य पाहिलेले असते. सूर्य समुद्रात बुडाला, अंगणात काळोख दाटू लागला, तरी माडांचे शेंडे क्षणभर सोनेरीच राहतात. आणि माडांवरही सावली चढली तरी उंच घिरट्या घालणाऱ्या घारीच्या पंखांवर ऊन दिसते. जो जितका उंच, त्याला सूर्य तितका उशिरा मावळतो. चारशे किलोमीटर उंचीवरील उपग्रह ही अशीच एक घार आहे. आपल्याकडे रात्र झालेली असते, त्याच्याकडे अद्याप ऊन असते; म्हणून तो काळ्या आकाशात उजळून दिसतो. पृथ्वीची सावली वर चढत त्याच्यापर्यंत पोहोचली, किंवा अधिक अचूक बोलावयाचे तर तो धावत त्या सावलीत शिरला, की तो विझतो. ढगाआड गेला असे मुले म्हणतात. ढग नसताना तारा विझला तर तो सावलीत गेला, हे त्यांच्याकडूनच निघू द्यावे.

चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीमुळे होते हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ग्रंथात सांगितले आहे, आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोडलेल्या पहिल्या भारतीय उपग्रहास त्याचेच नाव देण्यात आले. परंतु चंद्रग्रहणासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते. उपग्रहाचे ग्रहण मात्र स्वच्छ आकाशाच्या दिवसांत संध्याकाळी घरासमोर पाहावयास मिळू शकते. विझण्यापूर्वी काही सेकंद तो मंद होत जातो आणि नीट पाहिल्यास किंचित तांबूसही दिसतो. कारण त्या क्षणी त्याच्यावर पडणारे ऊन पृथ्वीच्या वातावरणातून गाळून आलेले असते. मालवणच्या समुद्रावर मावळता सूर्य ज्या कारणाने लाल होतो, तेच हे कारण. फरक एवढाच की हा सूर्यास्त चारशे किलोमीटर उंचीवर चाललेला असतो. स्थानकातील अंतराळवीरांना असे सूर्यास्त दिवसातून सुमारे सोळा वेळा दिसतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उत्तरेकडील देशांत लिहिलेल्या पुस्तकांत असे वाचावयास मिळते की उन्हाळ्यात अवकाश स्थानक रात्रभर केव्हाही दिसू शकते. लंडनपुरते ते खरे आहे. तेथे जूनमध्ये मध्यरात्रीसुद्धा सूर्य क्षितिजाखाली जेमतेम पंधरा अंश असतो, आणि चारशे किलोमीटर उंचीवर ऊन टिकून राहते. मालवण सुमारे १६ अक्षांशावर आहे. येथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, आणि तो वीस अंश खाली गेला की डोक्यावरच्या आकाशात चारशे किलोमीटरपर्यंत सावली भरते. ह्यास सूर्यास्तानंतर साधारण एक तास वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. डिसेंबरच्या मध्यास मालवणला सूर्य सहा वाजून पाच-सहा मिनिटांनी मावळतो. अर्थात् पावणेसातपासून साडेसातपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. त्यानंतर पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूस, उपग्रह काही काळ दिसत राहतात. कारण ती दिशा सूर्याच्या जवळची असल्यामुळे तेथे सावली उशिरा चढते. ते पश्चिमेकडून उगवतात आणि डोक्यावर येण्यापूर्वीच विझतात. पहाटे हाच क्रम उलटा होतो : सूर्योदयापूर्वी तास-सव्वा तास उपग्रह मध्य आकाशात अकस्मात् उजळतो व पूर्वेकडे सह्याद्रीच्या बाजूस उतरतो. मध्यरात्री मात्र मालवणहून अवकाश स्थानक कधीही दिसणार नाही. परदेशी पुस्तकावर विसंबून शिक्षकाने मुलांना रात्री अकरा वाजता अंगणात उभे केले, तर ती निराश होतील आणि दोष विज्ञानाला देतील.

ही सावली उपग्रहावाचूनही दिसते, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. किनाऱ्यावर येणारा प्रत्येक जण पश्चिमेकडे तोंड करून उभा असतो. सूर्य बुडताच पाठ फिरवून पूर्वेकडे पाहावे. क्षितिजालगत निळसर-करड्या रंगाचा एक पट्टा हळूहळू वर चढताना दिसतो व त्याच्या माथ्यावर गुलाबी कड असते. तो निळा पट्टा म्हणजेच पृथ्वीची सावली. माडांच्या बनांमुळे पूर्वेचे क्षितिज झाकले जात असेल, तर एखाद्या मोकळ्या सड्यावरून पाहावे.

उपग्रह ओळखण्याच्या खुणा फार नाहीत. विमानाचे लाल-हिरवे दिवे असतात आणि ते उघडझाप करतात. चिपी येथील विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी आणि गोव्यातील मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून ह्या भागातील मुलांना विमाने काही नवीन राहिलेली नाहीत. उल्का डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते. उपग्रह तीन-चार ते सहा मिनिटे एकसारख्या गतीने जातो आणि आवाज करीत नाही. काही जुने सांगाडे कोलांट्या खात फिरतात, त्यांचे तेज कमीजास्त होते. त्यावरून घोटाळा होऊ देऊ नये. समुद्रावर दूर दिसणारे होड्यांचे दिवे क्षितिजाच्या रेषेला चिकटून असतात, ते निराळे.

दिशाही बोलकी असते. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा उपग्रह जवळजवळ आढळत नाही, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते आणि त्या गतीचा लाभ मिळावा म्हणून अग्निबाण सामान्यतः पूर्वेकडे सोडतात. आपले श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर असण्याचे एक कारण हेच. अवकाश स्थानक मालवणहून एक तर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयीकडे जाताना दिसते. पृथ्वीची छायाचित्रे घेणारे बरेचसे उपग्रह दोन्ही ध्रुवांवरून फिरतात. ते उत्तर-दक्षिण जातात.

वेग समजावून देण्यासाठी नकाशा घ्यावा. स्थानक मालवणच्या बरोबर डोक्यावरून ईशान्येस निघाले आणि क्षितिजापासून एक मूठ उंचीवर आले, तर त्या क्षणी ते सुमारे १,४०० किलोमीटर दूरच्या भूमीवर, म्हणजे काशीच्या आसपास असते. यास सव्वातीन मिनिटे लागतात. ज्या काशीस जाण्यासाठी पूर्वी घरादाराचा निरोप घेऊन महिनोन्‌महिन्यांची वाट धरावी लागे, तेथपर्यंतचा हा प्रवास मूल अंगणातून पाहते. सातवीच्या मुलांकडून उदाहरण सोडवून घेण्यास हरकत नाही : पृथ्वीची त्रिज्या ६,३७० किलोमीटर, त्यावर ४२० किलोमीटर उंची, एका फेरीस सुमारे ९३ मिनिटे; तर दर सेकंदास किती किलोमीटर? उत्तर साडेसातच्या थोडे वर येईल.

गेल्या काही वर्षांत गावोगावी खळबळ उडविणारे दृश्य म्हणजे आगगाडीच्या डब्यांप्रमाणे एका ओळीत जाणारे पंचवीस-तीस ठिपके. स्टारलिंक ह्या नावाचे हे उपग्रह मे २०१९ पासून एका वेळी अनेक असे सोडले जात आहेत, आणि वर चढण्यापूर्वीचे काही दिवस ते असे रांगेने दिसतात. ते शत्रूचे नव्हेत व अशुभही नव्हेत; मात्र त्यांची संख्या काही हजारांवर गेल्यामुळे दुर्बिणीने आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

भीतीचा प्रश्न येथे गौण नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांतून आकाशात जळत जाणारे गोळे एकामागून एक दिसले. लोक घाबरले, नाना तर्क झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे एक भलेमोठे कडे पडले, आणि त्या परिसरात धातूचे पोकळ गोळेही सापडले. एका चिनी अग्निबाणाचा फेब्रुवारी २०२१ पासून फिरत राहिलेला टप्पा वातावरणात शिरून मोडला होता. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. अशी जळती वस्तू उल्केपेक्षा पुष्कळ सावकाश जाते आणि तिचे तुकडे होत जाताना दिसतात, एवढे ज्या शिक्षकास ठाऊक असेल तो त्या संध्याकाळी गावाचा मोठा आधार ठरतो. खाली काही पडलेच तर मुलांनी त्यास हात लावू नये, कारण टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलीस ठाण्यास कळवावे. भंगाराच्या मोहाने ते उचलणारा कोणी ना कोणी निघतोच, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

न दिसणाऱ्या उपग्रहांचाही उल्लेख करावा. वाडीतील घराघरांवर दूरचित्रवाणीच्या तबकड्या साधारणपणे आग्नेयीकडे तोंड करून आहेत, हे मुलांना एक फेरी मारून पाहू द्यावे. ज्या उपग्रहाकडे त्या पाहतात तो विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंच असून पृथ्वीबरोबर एका दिवसात एकच फेरी करतो. म्हणून तो जागचा हलत नाही आणि तबकडीही हलवावी लागत नाही. इतक्या अंतरावरून तो डोळ्यांना दिसत नाही.

प्रत्यक्ष निरीक्षणासाठी साहित्य म्हणजे घड्याळ, वही आणि हाताची मूठ. हात ताठ पुढे धरला असता मूठ सुमारे १० अंश व्यापते. मालवणहून ध्रुव क्षितिजापासून १६ अंश, म्हणजे दीड मुठीपेक्षा किंचित वर असतो. त्यावर प्रत्येक मुलाने आपली मूठ तपासून घ्यावी. सप्तर्षी, मृगातील तिकांडे, रोहिणी, कृत्तिका, व्याध एवढे ओळखता आले की उपग्रह कोणत्या ताऱ्याजवळून गेला हे सांगता येते, आणि तारा ओळखावयास शिकण्याचे निमित्तही मिळते. स्थानक काही दिवस संध्याकाळी, काही दिवस पहाटे दिसते व मध्ये काही दिवस मुळीच दिसत नाही. त्याच्या वेळा अमेरिकेची नासा ही संस्था प्रसिद्ध करते व त्या भ्रमणध्वनीवर पाहता येतात. वेळ आधी सांगावी, पण मार्ग सांगू नये. तो मुलांनी पाहून लिहावा. वहीत तारीख, दिसल्याची वेळ व दिशा, जवळचा तारा, आणि विझल्याची वेळ व जागा एवढे पुरे. मुलांना रात्री शाळेत वा किनाऱ्यावर जमविण्याचे कारण नाही. खडकांवर भरतीचे पाणी केव्हा येते ते कळत नाही, आणि वाटेवर जनावराचे भय असते. घरासमोरील अंगण, सोबत वडीलधारे माणूस, आणि बाहेरचा दिवा दहा मिनिटे मालविलेला, ही व्यवस्था उत्तम. ह्या निमित्ताने पालकही आकाश पाहतात.

दोन शाळांनी मिळून करण्यासारखा एक प्रयोग आहे. देवगड आणि वेंगुर्ले ह्यांत सरळ रेषेने सुमारे ६० किलोमीटर अंतर आहे. दोन्हीकडील मुलांनी एकाच संध्याकाळी स्थानकाचा मार्ग पाहावा व ते उंचावर असताना एका ठरविलेल्या ताऱ्यापासून किती मुठी दूर आणि कोणत्या बाजूने गेले ते लिहावे. तारे फार दूर असल्यामुळे दोन्ही गावांतून ते एकाच जागी दिसतात. स्थानक मात्र जवळ असल्यामुळे दोन्हीकडून निराळ्या जागी दिसते. डोक्यावरून जाताना हा फरक सुमारे ८ अंश, म्हणजे मुठीपेक्षा थोडा कमी भरतो. ५७ सेंटिमीटरवर धरलेली १ सेंटिमीटरची वस्तू एक अंश व्यापते. त्याच न्यायाने ६० ला ५७ ने गुणून ८ ने भागले की स्थानकाची उंची किलोमीटरमध्ये मिळते. मुठीच्या मापात चूक राहणारच, त्यामुळे एखाद्या शाळेचे उत्तर ३०० येईल, एखादीचे ६००. ते खोडून पुस्तकातील आकडा लिहू नये. दोन्ही गावच्या वह्या शेजारी ठेवून फरक कोणाच्या मुठीत राहिला हे मुलांनाच शोधू द्यावे, आणि पुढच्या स्वच्छ संध्याकाळी पुन्हा मोजावे.